हरकती व सूचना

राजपत्रात आणि वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक टंकात एक सूचना छापून येते. अमुक क्षेत्राची प्रारूप विकास योजना तयार झाली असून तिचे नकाशे कार्यालयीन वेळेत पाहण्यासाठी खुले आहेत. कोणाच्या हरकती व सूचना असल्यास त्यांनी त्या विहित मुदतीत लेखी सादर कराव्यात. मुदतीनंतर आलेल्यांचा विचार केला जाणार नाही. गेल्या साडेतीन दशकांत वसईच्या वाड्यांमध्ये या दोन-तीन ओळींनी जितकी झोप उडवली, तितकी दुसऱ्या कशाने क्वचितच उडवली असेल. ‘हरकत’ हा शब्द आपण मराठी माणसे एरवी ‘नाही’ जोडूनच वापरतो. पाहुण्याला, शेजाऱ्याला, दुकानदाराला आपण ‘काही हरकत नाही’ असेच म्हणतो. ‘आमची हरकत आहे’ असे सही करून, सर्व्हे नंबर घालून सरकारला कळविण्याची सवय आपल्याला नव्हती. ती लावून घ्यावी लागली.

गावावर नगर येऊन बसायचे असेल, तर गावाला केव्हा विचारायचे? नकाशा काढण्यापूर्वी, की काढून झाल्यावर? हा प्रश्न वसईत प्रथम निघालेला नाही. इंग्लंडमधील एका लहानशा गावाने तो १९४६-४७ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठापर्यंत नेला होता. त्या गावाचा आमच्याशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध कायद्याच्या वंशावळीचा आहे. मुंबई इलाख्याचा १९१५ चा नगररचना कायदा ब्रिटनच्या १९०९ च्या कायद्यावर बेतलेला होता. आज आपल्यावर ज्याचा अंमल आहे, त्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये नवीन नगरांसाठी स्वतंत्र विकास प्राधिकरण नेमण्याची जी तरतूद आहे, तिच्यावरही ब्रिटनच्या १९४६ च्या नवनगर कायद्याची छाया स्पष्ट दिसते. तेव्हा आपल्या सुनावणीची जन्मकथा पाहायची, तर आधी तिकडे जावे लागते.

गावाचे नाव स्टीव्हनेज. लंडनच्या उत्तरेस सुमारे तीस मैलांवर, हर्टफर्डशायर परगण्यात, जुन्या उत्तर महामार्गालगतचे हे बाजारगाव. वस्ती जेमतेम सहा हजार, भोवती शेते, झाडांच्या कुंपणांनी आखलेले बांध आणि जुनी वाडे-घरे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले, हजारो कुटुंबे बेघर झाली, आणि जी घरे उभी होती त्यांत माणसांची दाटी झाली. १९४४ साली नगररचनाकार पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी यांनी बृहत्‌लंडनची जी योजना मांडली, तिच्यात ही गर्दी बाहेर नेण्यासाठी लंडनभोवती दहा नवी नगरे सुचविली होती. स्टीव्हनेज त्यांपैकी एक. सहा हजारांच्या गावाचे साठ हजारांचे नगर व्हायचे होते, आणि त्यासाठी लागणारी जमीन सुमारे सहा हजार एकर होती.

१९४५ मध्ये मजूर पक्षाचे सरकार आले. नगर व ग्रामनियोजन खात्याचे मंत्री झाले लुईस सिल्किन. लंडनच्या ईस्ट एंडमधील गरीब, स्थलांतरित ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता. कोंदट खोलीत राहणे म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नव्हते. त्यांना खलनायक ठरवून ही गोष्ट सांगता येत नाही, आणि म्हणूनच ती आम्हांला सांगाविशी वाटते.

६ मे १९४६ रोजी सिल्किन स्वतः स्टीव्हनेजच्या नगरगृहात लोकांना योजना समजावून सांगण्यास आले. नवनगरांचे विधेयक तेव्हा संसदेत दाखल झाले होते, पण मंजूर व्हायचे होते. सभागृह माणसांनी भरून गेले, आणि आत मावले नाहीत त्यांनी बाहेर ध्वनिक्षेपकाभोवती गर्दी केली. नगररचनेतील एक धाडसी प्रयोग येथे करून दाखवायचा आहे, जगभरचे लोक तो पाहायला येतील, असे मंत्री सांगू लागले तेव्हा हुर्यो उठली. त्यावर ते जे बोलले, ते पुढे न्यायालयाच्या कागदपत्रांत कायमचे नोंदले गेले. हुर्यो उडवून उपयोग नाही, हे होणारच आहे, असा त्याचा आशय होता. सभेत टाळ्याही पडल्या, कारण गावात भाड्याच्या घरासाठी ताटकळणारी माणसेही होती. ‘हुकूमशहा’ अशा आरोळ्याही उठल्या. मंत्रिमहोदय बाहेर येऊन पाहतात तो मोटारीच्या चाकांतील हवा सोडलेली आणि पेट्रोलच्या टाकीत वाळू.

कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांचे बालपण याच गावाजवळच्या ‘रूक्स नेस्ट’ या घरात गेले होते. त्यांच्या ‘हॉवर्ड्स एंड’ या १९१० च्या कादंबरीतील घर त्याच घरावरून घेतलेले आहे. १९४६ मध्ये नभोवाणीवरून बोलताना त्यांनी या योजनेचे दुःख बोलून दाखविले. मात्र घर नसलेल्या माणसाला घर हवे हेही त्यांनी त्याच भाषणात मान्य केले आणि या दोन सत्यांचा मेळ आपल्याला घालता येत नाही असे कबूल केले. वादात उतरलेला लेखक असे सहसा बोलत नाही. आमच्या मते त्या सबंध वादातील सर्वांत प्रामाणिक आवाज तोच होता.

१ ऑगस्ट १९४६ रोजी कायदा झाला, आणि काही दिवसांतच स्टीव्हनेजचा मसुदा-आदेश निघाला. हरकती आल्या. ऑक्टोबरमध्ये जाहीर चौकशी झाली, निरीक्षकाने सर्वांचे म्हणणे ऐकून अहवाल दिला, आणि ११ नोव्हेंबरला मंत्र्यांनी आदेश कायम केला. पायऱ्या सगळ्या जागच्या जागी होत्या. गावकऱ्यांनी त्याच हिवाळ्यात रेल्वे स्थानकावरील गावाच्या नावाच्या पाट्या झाकून तेथे ‘सिल्किनग्राड’ अशा पाट्या लावल्या. स्टालिनग्राडचे नाव तेव्हा सर्वांच्या तोंडी होते. पण थट्टेवर न थांबता त्यांची रहिवासी संघटना न्यायालयात गेली. मे महिन्यात ‘हे होणारच’ असे जाहीर सांगणारा माणूस ऑक्टोबरमधील हरकतींचा निवाडा मोकळ्या मनाने कसा करील, असा त्यांचा सरळ सवाल होता. फेब्रुवारी १९४७ मध्ये उच्च न्यायालयात न्यायमूर्ती हेन कॉलिन्स यांना तो पटला व त्यांनी आदेश रद्द केला. मार्चमध्ये अपील न्यायालयाने हा निकाल फिरविला. जुलैमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने गावकऱ्यांचे अपील फेटाळले. लॉर्ड थँकर्टन यांनी दिलेले कारण असे की, मंत्री येथे न्यायाधीशाच्या आसनावर बसलेलाच नाही. त्याचे काम निव्वळ प्रशासकीय आहे. चौकशी करवून घेणे आणि अहवालाचा खरोखर विचार करणे एवढेच कायद्याने त्याच्यावर बंधन आहे. मन आधीच बनले होते का, हा प्रश्न येथे लागूच पडत नाही.

म्हणजे ऐकून घेणे बंधनकारक, ऐकून मत बदलण्याची तयारी ठेवणे मात्र बंधनकारक नाही. कायद्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध असेल; बांधावर उभ्या असलेल्या माणसाला ते कसे समजावून सांगायचे? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५८ मध्ये आंध्र प्रदेशातील बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात थोडी वेगळी वाट धरली. तेथे हरकती ऐकल्या सचिवांनी आणि निर्णय दिला मुख्यमंत्र्यांनी. एकाने ऐकायचे आणि दुसऱ्याने ठरवायचे, तर ती सुनावणी पोकळ उपचार होते, असे न्यायालयाने बजावले. बसच्या मार्गासाठी एवढी काळजी घेतली गेली, हे चांगलेच झाले. जमिनीच्या नकाशांबाबत मात्र ऐकणारी समिती एक आणि अखेरचा शब्द शासनाचा, ही रचना आपल्याकडे कायम राहिली.

स्टीव्हनेज पुढे उभे राहिले. केवळ पादचाऱ्यांसाठी राखलेला त्याचा बाजारचौक १९५९ मध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते खुला झाला, आणि आज तेथे नव्वद हजारांच्या आसपास लोक राहतात. ज्यांना घर मिळाले त्यांची मुले-नातवंडे त्याला आपले गाव म्हणतात. हेही नोंदविले पाहिजे.

नवनगराची ही कल्पना आपल्या किनाऱ्यावर उतरली ती ठाण्याच्या खाडीपलीकडे. मुंबईचा भार हलका करण्यासाठी मुख्य भूमीवर नवे शहर वसवावे हा विचार वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडला. १७ मार्च १९७० रोजी सिडको हे महामंडळ स्थापन झाले. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावे, एकूण सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, नव्या मुंबईच्या रेषेत आले. आगरी, कोळी व इतर शेतकऱ्यांची भातखाचरे, मिठागरे, खाडीतली मासेमारी, सगळे या रेषेच्या आत होते. कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि पिढ्यान्‌पिढ्या खोताची जमीन कसणारे अनेक जण कागदोपत्री मालक होऊ लागले होते. सातबारावरील त्या नावाची शाई पुरती वाळते न वाळते तोच संपादनाच्या नोटिसा आल्या.

योजनेचे कर्ते दुष्ट नव्हते. मालकांकडून आधी सगळी जमीन घ्यावी, म्हणजे वाढलेल्या किमतीचा लाभ सट्टेबाजाला न मिळता शहराला मिळेल, हा त्यांचा विचार उदात्तच होता. फक्त त्या वाढलेल्या किमतीत मूळ शेतकऱ्याचा वाटा किती, हे कोणी त्याला विचारले नाही. ते विचारायला लावले दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनाने. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई-दास्तान फाटा परिसरात पोलिसांनी गोळीबार केला व पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही वर्षांनी संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के क्षेत्राएवढे विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. ‘साडेबारा टक्के’ हा शब्दप्रयोग आज पनवेल-उरणच्या बोलीत व्यवहारातला एक शब्द होऊन बसला आहे. तो उच्चारताना त्याच्यामागचे पाच जीव दर वेळी आठवतातच असे नाही.

वसईत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. येथे कोणी आमच्या जमिनी संपादनाने घेतल्या नाहीत. रंग बदलला, एवढेच झाले.

मुंबई महानगराच्या १९७३ च्या प्रादेशिक योजनेत वसईचा मोठा भाग हरित पट्टा होता. नकाशावरच्या या हिरव्या रंगाखाली खरोखरच हिरवे काही होते. आगाशी-नंदाखालपासून निर्मळ, भुईगाव, गास, सांडोरपर्यंत केळीच्या बागा, पानमळे, फुलांची शेती आणि भाजीची वाफे होती. पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन मुंबईच्या बाजारांत जाणाऱ्या बायांच्या जोरावर कितीतरी घरांतली मुले शिकली, शिक्षक झाली, धर्मगुरू झाली, बँकेत लागली. या शेतीचे रहस्य होते पाण्यात. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, आणि मधल्या रेताड जमिनीत थोड्या खोलीवर गोडे पाणी. पावसाळ्यात बावखले भरत, ते पाणी जिरे, आणि जमिनीखालचे गोडे पाणी खाऱ्याला थोपवून धरी. विहीर उपसली की दुसऱ्या दिवशी पुन्हा भरे, पण उपसा मर्यादेत ठेवला तरच. हा हिशेब कोणत्याही नकाशावर काढलेला नव्हता. तो वाडीवाल्यांच्या हाडीमांसी होता.

१९८८ साली राज्य शासनाने वसई-विरार भागातील फार मोठे क्षेत्र हरित पट्ट्यातून काढून नागरी विकासास मोकळे केले. १९९० मध्ये सिडकोची येथे विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. हा अनुक्रम वाचकांनी लक्षात ठेवावा. आधी जमीन बांधकामाला खुली झाली, नंतर नियोजन करणारी संस्था आली, प्रारूप योजना लोकांसमोर यायला १९९५ उजाडले, आणि तिला शासनाची अंतिम मंजुरी मिळाली २००७ मध्ये. स्टीव्हनेजमध्ये निर्णय आधी आणि सुनावणी नंतर झाली असेल. येथे तर इमारती आधी उठल्या. मधल्या काळात रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंना जे वसले, त्यातील पुष्कळसे कोणत्याही योजनेत नव्हते. या नव्या वस्त्यांना नळ नव्हते, म्हणून टँकर आले आणि टँकर भरण्यासाठी विहिरींना पंप लागले. खाऱ्या पाण्याची चव ज्या दिवशी प्रथम केळीला लागली, त्या दिवशी वसईचा लढा सुरू झाला असे म्हटले तर वावगे ठरू नये.

त्या लढ्याला ‘हरित वसई संरक्षण समिती’ हे नाव आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नेतृत्व मिळाले. फादर १९८३ पासून २००७ पर्यंत ‘सुवार्ता’चे संपादक होते. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले, तेव्हा मराठी साहित्याने आपल्या संमेलनाध्यक्षाला निरोप दिला. वसईकरांना मात्र आधी आठवले ते मोर्चाच्या पुढे पांढऱ्या झग्यात चालणारे फादर. धर्मगुरूने पाण्याच्या आणि जमिनीच्या भानगडीत पडावे काय, अशी कुजबुज तेव्हा आपल्याही घराघरांत झाली होती. जुन्या करारातील नाबोथाच्या मळ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तेथेही राजाला मळा हवा होता, आणि तेथेही गावाची सभा रीतसर बोलावली होती, साक्षीदार उभे केले होते. गोष्ट प्रवचनात चालते. ती चावडीवर नेली की अडचण होते. समितीच्या कामात ख्रिस्ती आणि हिंदू शेजारी खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

१९९५ च्या प्रारूप योजनेवर हजारोंच्या संख्येने हरकती गेल्या. त्या लिहिण्याचे काम म्हणजे एक प्रौढ साक्षरता वर्गच होता. सर्व्हे नंबर शोधायचा, नकाशावर आपली वाडी कोणत्या रंगात पडली ते पाहायचे, तिच्यावरून जाणारा रस्ता किती मीटरचा ते विचारायचे, आणि ‘मी हरकत घेतो की’ असे वाक्य सुरू करून ते पुरे करायचे. ज्यांनी जन्मात अर्ज लिहिला नव्हता, त्यांनी आपल्या विहिरीचे वर्णन सरकारी मराठीत केले. या लेखनाचा कोठे संग्रह झाला असता, तर वसईच्या शेतीचा तो सर्वांत मोठा ग्रंथ ठरला असता.

एक गोष्ट मात्र आमच्या चळवळीच्या बखरीत कमी लिहिली जाते. नव्या मुंबईत शेतकऱ्यासमोर सरकार उभे होते. येथे विकत घेणारा बाहेरचा होता, तसा विकणारा आपलाच होता. सकाळी हरकतीवर सही आणि संध्याकाळी बयाण्याची बोलणी, असेही घडले. त्याला निव्वळ लोभ म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल. मुले मुंबईत नोकरीला लागली होती, वाडी शिंपायला हात नव्हते, भावाभावांत वाटण्या होऊन तुकडा एवढासा उरला होता, आणि शेजारच्या इमारतीने ऊन अडवले होते. ज्याने जमीन राखली त्याला तिचे काय करायचे ते सांगणारी योजना कोणीच दिली नाही. सरकारने नाही, आणि खरे सांगायचे तर समितीनेही नाही. शासनाने गावाला विचारले नाही ही तक्रार रास्त आहे. बहिणीची संमतीपत्रावर सही घेताना भावांनी तिला किती विचारले, याचीही नोंद कोठेतरी व्हायला हवी.

दुसरा प्रश्न नालासोपाऱ्याच्या चौथ्या मजल्यावरच्या माणसाचा. गिरणगावातून, दादर-परळच्या चाळींतून जागा अपुरी पडली म्हणून जो येथे आला, त्याने आयुष्याची पुंजी घालून दोन खोल्या घेतल्या आणि टँकरचे पाणी विकत घेतले. त्याच्या वतीने कोणत्याही योजनेवर कोणी हरकत घेतली नाही, कारण योजना झाली तेव्हा तो येथे नव्हता. लंडनच्या बेघरांचाही स्टीव्हनेजच्या सभागृहात कोणी प्रतिनिधी नव्हता. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. जुलै २०१८ मध्ये पाणी दिवसेंदिवस ओसरले नाही, तेव्हा ते वाडीत शिरले तसे त्याच्या इमारतीच्या तळमजल्यातही शिरले. बुजविलेल्या बावखलांना आणि नाल्यांना ख्रिस्ती-हिंदू, जुना-नवा असा भेद करता येत नाही.

त्यानंतरही मागणी-हरकतींचे चक्र थांबलेले नाही. जुलै २००९ मध्ये चार नगरपालिका आणि ५३ गावे मिळून महानगरपालिका झाली. गावांनी विरोध केला, उपोषणे झाली, आणि मे २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याची अधिसूचना काढली. प्रकरण न्यायालयात अनेक वर्षे राहिले. २०१६ मध्ये महानगर प्रदेशाच्या नव्या प्रादेशिक योजनेचा मसुदा आला, तेव्हा तो आधी आमच्या भाषेत द्या, मग हरकती मागा, असा आग्रह वसईने धरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने २०११ ची अधिसूचना मागे घेण्याचे पाऊल उचलले आणि २९ गावांबाबत पुन्हा हरकती व सूचना मागविल्या.

१९९५ च्या हरकतींच्या स्थळप्रती आजही काही घरांत, कपाटाच्या वरच्या खणात, सातबारा आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यांबरोबर एकाच पिशवीत ठेवलेल्या आढळतात. वर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख. ज्यांच्या सह्या आहेत त्यांतील बरेच जण आता नाहीत. २०२४ चे अर्ज लिहायला बसलेल्या काही मुलांनी मजकुरासाठी त्याच प्रती खाली काढल्या, आणि सर्व्हे नंबर तेवढा हिस्सा पडून बदललेला असल्याने नवा घातला.